साखर माझी, पहारा मंगलचा

दहापैकी किती?

मी पनवेलमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. माझं नाव अरविंद आहे हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे, बाकी सगळ्यांचा मी मास्तर.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी डॉक्टरांकडे गेलो. 'हा माणूस गाडी चालवायला धडधाकट आहे' असा कागद त्यांनी द्यायचा असतो. दरवेळी ते भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगतात, जी मला आता पाठ आहेत, आणि सही करतात. त्या दिवशी मात्र बाहेर बसल्याबसल्या मी दोन बाटल्या पाणी संपवलं आणि तीनदा बाथरूमला जाऊन आलो. डॉक्टरांनी काचेतून ते पाहिलं.

"मास्तर, हे कधीपासून?"

"तुमचा एसी फार गार आहे हो."

"एसी कालपासून बंद आहे."

रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन त्यांच्यासमोर बसलो. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार."

"दहापैकी?" मी आनंदाने विचारलं.

डॉक्टर हसले. त्यानंतर पुढचे आठ-नऊ महिने ते माझ्यासमोर हसले नाहीत. साडेसहाच्या पुढे गेलं की मधुमेह, हे त्यांनी कागदावर रेघ मारून समजावलं. दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. त्यातली एक घेतली की जेवण चुकवायचं नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाले, "औषध, जेवण, चालणं, तपासणी. हे सगळं तुम्हाला सांभाळावं लागेल."

मी मान डोलावली. त्यातला 'तुम्हाला' हा शब्द माझ्या कानात शिरलाच नाही. घरी आलो, चपला काढल्या आणि बायकोला म्हणालो, "मंगल, मला शुगर झालीय. आता तुला सांभाळावं लागेल."

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि त्यात त्यांचा डावा पाय गेला. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखालपर्यंत. त्यांनी कधी पायाकडे पाहिलं नाही आणि आम्हालाही पाहू दिलं नाही. मी हसत होतो, जोक मारत होतो, पण रिपोर्टचा कागद मी पुन्हा उघडला नाही. चार घड्या घालून कपाटात स्वेटरच्या खाली ठेवला. पनवेलमध्ये स्वेटर कोण काढतं?

आकडा मंगलच्या तोंडावर

मंगलने कारभार हातात घेतला तो पूर्ण तयारीनिशी. पहिल्या आठवड्यात घरातले लाडू, जॅम, गूळपापडी आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली सोनपापडी शेजारच्यांच्या घरी स्थलांतरित झाली. शेजाऱ्यांचं वजन वाढलं. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर जाऊन आली. तिसऱ्या दिवशी मी चहा मागितला तर टपरीवाला म्हणाला, "मास्तर, वहिनींनी फोटो दाखवून सांगितलंय. ह्या माणसाला साखर द्यायची नाही."

"अरे, तू मला वीस वर्षं ओळखतोस. फोटो कशाला?"

"फोटो तुमच्या रिपोर्टचा होता."

म्हणजे स्वेटरची जागा तिला माहीत होती.

घरी साखर मोजायचं छोटं यंत्र आलं. ते मंगलच्या ड्रॉवरमध्ये राहायचं. सकाळी ती माझं बोट धरायची, मी खिडकीबाहेर बघायचो आणि सुई लागायच्या आधीच ओरडायचो. मग यंत्र पाच सेकंद विचार करायचं. त्या पाच सेकंदांत मी यंत्राकडे नाही, मंगलच्या तोंडाकडे पाहायचो. भुवया सरळ राहिल्या तर मला नाश्त्याला पोहे. कपाळावर आठी आली तर काकडी. आकडा किती, हे मी कधी विचारलं नाही. मला आकड्याची नाही, आठीची भीती वाटायची.

आणि ज्याला कोणी पहारा ठेवतं तो काय करतो? पळवाट शोधतो.

शिकाऊ गाडीवर कोणी धाड घालत नाही. दुपारच्या शिकवणीला मी विद्यार्थ्यांना मुद्दाम बाजाराच्या रस्त्याने न्यायचो. "आता गाडी डावीकडे लावायचा सराव करू," असं म्हणायचो, आणि गाडी बरोबर वडेवाल्यासमोर लागायची. त्या काळात माझ्याकडून शिकलेली मुलं आजही कुठेही गाडी लावू शकतात. दर तपासणीच्या आधी मात्र मी तीन दिवस जवळजवळ उपाशी राहायचो आणि वडाळे तलावाला फेऱ्या मारायचो. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणारा मी शाळेतही होतोच. पण तीन महिन्यांची सरासरी काढणारी ती तपासणी महा चहाडखोर. तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. आठ पूर्णांक नऊ.

"मी एवढं करते," मंगल दवाखान्यातून बाहेर येताना म्हणाली, "तरी कसं काय उतरत नाही?"

मी म्हणालो, "प्रकृती." हे खोटं बोलताना मला वाईट वाटलं. भूकही लागली होती.

ती म्हैस नव्हती

त्याच सुमारास हिराताई शिकायला आल्या. वय एकसष्ट. कामोठ्याच्या जुन्या गावातल्या. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याची गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. नेऱ्याला त्यांची भाजीची वाडी, आणि तिथे जायचं तर दरवेळी पुतण्याच्या हातापाया पडावं लागायचं.

"मास्तर, मना त्याची मिजास नको," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "माजी वांगी, माजी गाडी, मी जानार."

बोलायला वाघीण, पण स्टिअरिंग हातात आलं की शेळी. दीड महिना झाला तरी तिसरा गिअर पडला नव्हता. मागून कोणी हॉर्न वाजवला की त्या दोन्ही हात सोडून नमस्कार करायच्या आणि गाडी बंद पडायची. ब्रेक त्यांनी कधी दाबलाच नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, तो मी दाबायचो, आणि त्यांना वाटायचं गाडी समजूतदार आहे.

तो दिवस डॉक्टरांच्या तपासणीच्या दोन दिवस आधीचा. माझी नेहमीची तयारी चालू होती. सकाळी गोळ्या घेतल्या. मंगलने केलेली नाचणीची भाकरी, ती आंघोळीला गेल्यावर, कावळ्याला घातली. मेव्हण्याने सुचवलेला कारल्याचा रस प्यालो. तलावाला चार फेऱ्या मारल्या. आणि साडेदहाला हिराताईंना घेऊन नेऱ्याच्या रस्त्याला लागलो.

थोड्या वेळाने मला घाम फुटला. हात थरथरायला लागले. का कोण जाणे, मला हिराताईंचा भयंकर राग आला. सव्वीस वर्षांत मी विद्यार्थ्यावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी ओरडलो, "तिसरा टाका! तिसरा! आणि समोरच्या म्हशीला हॉर्न द्या!"

हिराताईंनी समोर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ती म्हस नाय. यष्टीचा थांबा हाय."

"ती हलतेय!"

"तुमी हलताव."

मी ब्रेककडे पाय नेला, पण पाय ब्रेकवर न पडता भलतीकडेच पडला. त्याच क्षणी गाडी हळू झाली. डावा इंडिकेटर लागला. गाडी रस्त्याच्या कडेला शांतपणे उभी राहिली. दीड महिन्यात हिराताईंनी पहिल्यांदा स्वतःहून ब्रेक दाबला होता, आणि मला 'शाब्बास' म्हणायलाही जीभ वळत नव्हती.

त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढली, माझ्या पाण्याच्या बाटलीत साखर ओतली आणि बाटली हलवली.

"प्या. तुमची साखर उतरली."

"डॉक्टर तर म्हणतात चढलीय."

"चढते तशी उतरते पन. चौदा वरसां मी हिच्यासंगं नांदते. मना नका शिकवू."

"मंगल ओरडेल," मी म्हणालो. हे मला नीट आठवतंय. मरणाच्या दारात माणसाला देव आठवतो म्हणतात, मला मंगल आठवली, आणि तीही बाटलीतल्या साखरेच्या संदर्भात.

"मंगल आदी तुमाला जिता बगू दे. मंग ओरडू दे."

मी प्यालो. हिराताई घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं बसल्या. मग पर्समधून त्यांचं यंत्र निघालं, नवी सुई निघाली. मी सवयीने खिडकीकडे तोंड वळवलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड परत फिरवलं. "इकडं बगा. तुमचा बोट, तुमचा रगत, तुमचा आकडा. मी कां म्हनून बगू?"

चौऱ्याहत्तर. साखर प्यायल्यावर चौऱ्याहत्तर. आधी किती असेल, ह्याचा विचार मी आजही करत नाही. त्यांनी डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी माझ्या हातात दिली आणि गाडी सुरू केली.

"कुठे निघालात?"

"तुमच्या दवाखान्यात."

"तुम्ही? पनवेलच्या गर्दीत?"

"मंग कोन? तुमी? तुमी थांब्याला म्हस म्हंताव."

ते अंतर आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कापलं. मागे एक डंपर, त्याच्या मागे दोन एसट्या आणि त्यामागे, बहुधा, अख्खा तालुका. सगळे हॉर्न वाजवत होते. हिराताईंनी एकदाही हात सोडले नाहीत. "वाजव मेल्या, वाजव," त्या आरशात बघून म्हणाल्या, "माजे गाडीत मानूस आजारी हाय." दवाखान्यासमोर त्यांनी गाडी लावली ती पदपथावर अर्धी चढवून, पण लावली. मी भाकरी चावत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

वॉर्डातला पाहुणा

त्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं. दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन बोट टोचायच्या. संध्याकाळपर्यंत दहाही बोटं वापरून झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या काकांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर काहीच खायला देत नव्हते, आणि मला दर दोन तासांनी काहीतरी खायला आणून देत होते. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

मंगल आली ती धापा टाकत. मी ठीक आहे हे पाहून आधी तिच्या तोंडावर हसू आलं. मग डॉक्टरांनी तिच्यासमोरच विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंत?"

मी कावळ्याचं सांगितलं. मग वडेवाल्याचंही सांगून टाकलं. एकदा गाडी उतारावर सुटली की मध्येच थांबत नाही.

मंगल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाटेच्या कडेला बसली, पिशवीतून आणलेला डबा बाहेर काढला, परत आत ठेवला.

"मी तुमची बायको आहे की वॉर्डन?" ती हळू आवाजात म्हणाली. "सहा महिने मी दुसरं काही केलं नाही हो. श्वेताला सातवा लागलाय. तिला सासू नाही, आई यायला हवीय. रोज फोन करते ती. मी सांगते, येते, येते. कशी जाऊ? तुम्हाला कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ?"

श्वेता आमची मुलगी, पुण्याला असते. तिचं हे दुसरं बाळंतपण होतं. ती रोज फोन करते हे मला माहीत नव्हतं. माझ्या आजारात मी एकटाच आजारी आहे, असं मी धरून चाललो होतो.

शेजारच्या काकांनी पडदा ओढून घेतला. मला त्यांचा तेव्हा एकदम आदर वाटला.

नेऱ्याच्या रस्त्यावरची शाळा

चार दिवसांनी हिराताई शिकवणीला हजर झाल्या. मी म्हणालो, "हिराताई, तुमची फी मी आता घेणार नाही."

"कां?"

"तुम्ही मला साखर शिकवा. मी तुम्हाला गाडी शिकवतो."

त्यांनी विचार केला. "तुमचा कठीन हाय. माजी गाडी लवकर होल."

त्यांची शिकवायची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती. त्या कधी 'हे खाऊ नका' म्हणाल्या नाहीत. सुई बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचायची, कमी दुखतं, हे त्यांनी पहिल्या दिवशी दाखवलं आणि सुई माझ्या हातात दिली. मी एक ते तीन मोजलं. मग परत एक ते तीन मोजलं. पाचव्यांदा मोजताना त्या म्हणाल्या, "इंजान तापला," आणि माझा हात दाबला. टोचली गेली. एवढंच होतं. सहा महिने मी ज्याच्यासाठी ओरडत होतो ते एवढंच होतं.

आकडा आला एकशे ब्याण्णव. मी लगेच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"माजे तोंडात काय बगताव? सकाली काय खाल्लाव ता आठवा."

"पोहे. दोन डिश."

"उद्या येक डिश खावा नि परत बगा. आकडा म्हंजे शिवी नाय मास्तर. बातमी हाय."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. कारण माझ्यासारख्या माणसाला आकडा म्हणजे शिवीच वाटते, मग तो ती ऐकायचंच टाळतो.

मग मला त्याचा नादच लागला. जेवणाआधी मोजायचं, दोन तासांनी मोजायचं, काय खाल्लं ते लिहायचं. मधुमेहींसाठी म्हणून आणलेली महागडी बिस्किटं माझी साखर भाकरीपेक्षा जास्त चढवतात, हे मी शोधून काढलं. बोंबलाचं कालवण आणि मोजून एक वाटी भात मला चालतो, हे कळलं तेव्हा मी ती वही छातीशी धरली. आणि एकादशीला मंगलने भक्तिभावाने केलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी आकडा आला दोनशे अडुसष्ट. मी यंत्र तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा लावून आकडा पुन्हा वाचला.

"उपास तुम्ही सोडा," ती म्हणाली. "देवाला मी सांगते."

मी आकडा आपणहून तिला दाखवला, अशी ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी यंत्र तिच्या ड्रॉवरमधून माझ्या टेबलावर आलं होतं.

एक काम मात्र मी पुढे ढकलत होतो. तळपाय बघायचे. डॉक्टरांनी रोज बघायला सांगितले होते, आरसा धरून. तीन आठवडे मला आरसा सापडत नव्हता, जो बेसिनवरच टांगलेला असतो. शेवटी एका सकाळी दार लावून बसलो आणि पाहिले. दोन सर्वसाधारण पाय. टाचेला भेगा, एका नखाला जुनी ठेच. वडिलांची खूप आठवण आली. त्यांना कोणी आरसा धरून दिला असता तर, असं वाटलं. मग भेगांना मलम लावलं आणि पायमोजे घातले.

सात येईपर्यंत

दवाखान्यात मधुमेहाच्या लोकांना समजावून सांगायला एक सिस्टर होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण नजर इन्स्पेक्टरची. त्यांनी विचारलं, "ह्या महिन्यात काय बदलणार?"

"चहा पूर्ण बंद."

"हे जमेल ह्याची किती खात्री? दहापैकी सांगा."

"दहा!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दहा म्हणणारे पेशंट मला पुढच्या महिन्यात दिसत नाहीत. खरं सांगा."

मी लांबच्या टपऱ्यांवरचे धरून दिवसातले सहा चहा आठवले. "तीन."

"मग गोष्ट लहान करा. सात येईपर्यंत लहान करत जायचं."

आमची घासाघीस सुरू झाली. सहाचे तीन चहा? खात्री पाच. सगळे बिनसाखरेचे? चार. अखेर ठरलं की फक्त दुपारी चारचा चहा बिनसाखरेचा. "आठ," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

"एवढंच?" मला जरा लाज वाटली.

"लाज वाटली तरी चालेल. पण करा."

केलं. पुढच्या महिन्यात सकाळचा चहा. मग रात्री जेवून वीस मिनिटं चालणं. टपरीवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की आता तो फोटो विसरून जा, मीच बिनसाखरेचा मागेन. त्याला ते खरं वाटलं नाही. त्याने मंगलला फोन लावून खात्री केली.

ती दहापैकीची युक्ती मी शिकवणीतही वापरली. परीक्षेच्या दिवशी हिराताईंना विचारलं, "रिव्हर्स घेताना किती खात्री?" त्या म्हणाल्या, "चार." पण तारीख मिळाली होती, म्हणून गेलो. त्यांनी मागे घेताना दोन लाल शंकू पाडले आणि उतरून इन्स्पेक्टरला विचारलं, "रस्त्यात यवरे जवल जवल कोन ठेवतं?" नापास. मग आठवडाभर आम्ही फक्त रिव्हर्स घेतला, दुसरं काही नाही. सात आल्यावर पुन्हा गेलो. ह्या वेळी शंकू उभेच राहिले. परवाना आल्यावर त्या एकट्या नेऱ्याला गेल्या आणि परत येताना माझ्या ऑफिससमोर गाडी लावून टोपलीभर वांगी देऊन गेल्या. मागे उभ्या रिक्षांनी खूप आरडाओरडा केला. हिराताईंनी वांगी एकेक करून मोजून दिली.

माझी तीन महिन्यांची सरासरी तोवर सात पूर्णांक एकवर आली होती. डॉक्टर हसले.

मंगल पुण्याला गेली

श्वेताला मुलगी झाली. मंगलला जायचं होतं, आणि पाय निघत नव्हता. तिने फ्रिजवर सूचनांची यादी लावली, तीन पानी. मी ती काढली आणि माझी लावली, एक पानी. सिस्टरांनी ती माझ्याकडून आधीच लिहून घेतली होती. साखर उतरली तर काय करायचं, चढली तर काय, ताप आला तर काय, कोणाला फोन करायचा.

मंगलने ती तीनदा वाचली. "ताप आला तर मला फोन करायचा, हे नाहीये ह्यात."

"दवाखान्याला करायचा असं आहे."

"हो, पण मला?"

तरी ती गेली. दहा दिवस उत्तम गेले. अकराव्या दिवशी सकाळी मला थंडी वाजून ताप आला. अंग ठणकत होतं, तोंडाला चव नव्हती. साखर मोजली. तीनशे बारा.

आता खरं सांगतो. यंत्र बंद करून परत पांघरुणात शिरावं असं वाटलं. वडीलही असंच करायचे. मंगलला फोन लावला असता तर ती दुपारच्या गाडीने आली असती, दहा-बारा दिवसांची ओली बाळंतीण तिथे टाकून. आणि मी पुन्हा खिडकीबाहेर बघत बोट पुढे केलं असतं.

मी उठून फ्रिजपर्यंत गेलो. कागद वाचला. दवाखान्याला फोन केला, आकडा सांगितला. डॉक्टरांनी विचारलं, उलट्या होताहेत का, दम लागतोय का. नाही म्हणालो. कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली दोन दिवस थांबवायची ते त्यांनी सांगितलं, ते मी लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. दर चार तासांनी मोजा, पाणी पीत राहा, थोडंथोडं खा, आकडा खाली आला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर सरळ इथे या. मी तांदळाची पेज टाकली. पहिली करपली. दुसरी जमली.

हिराताईंचा फोन आला, नेऱ्याला जाताना त्यांना माझ्या ऑफिसला कुलूप दिसलं होतं. "गाडी घेऊन येऊ?"

"गरज लागली तर सांगतो."

"दहापैकी किती?"

मी खोकत खोकत म्हणालो, "साडेसात."

"मंग झोपा."

दुपारी दोनशे शहाऐंशी. चारच्या पुढे दोनशे चाळीस. संध्याकाळी मंगलचा रोजचा फोन आला. लपवायचं नाही हे मी ठरवलं होतं. सगळं सांगितलं. ताप, तीनशे बारा, डॉक्टर, गोळ्या, पेज. आकडे वेळेसकट वाचून दाखवले.

पलीकडे नात कुठेतरी रडत होती.

"पाणी किती प्यालात?" मंगलने विचारलं.

"अडीच लिटर."

"पुढचं कधी मोजणार?"

"आठ वाजता."

"दम नाही ना लागत?"

"नाही."

आता ती म्हणेल, मी निघते. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"बरं," मंगल म्हणाली. "बाळाला शेक द्यायचाय. ठेवते."

आणि तिने फोन ठेवला.

तेहतीस वर्षांच्या संसारात एकही सूचना न देता तिने फोन ठेवल्याचं मला आठवत नाही. मी फोन हातात धरून बसून राहिलो. आता परत करेल, काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून करेल. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. फोन वाजला नाही. खोटं कशाला सांगू, जरा वाईटच वाटलं.

मग उठलो, आणि आठ वाजता मोजून मग खायची म्हणून पेज गरम करायला ठेवली.